वाचक विचारतात : धबधबा फोटोत पांढराफटक का येतो?

यंदा नळदुर्ग किल्ल्यातल्या धरणभिंतीवरून पडणारे नर-मादी धबधबे वाहायला लागले आणि आमच्या मेलबॉक्सलाही पूर आला. आपल्या सोलापूरकडे पाऊस मुळात कमी, त्यात सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरात, म्हणजे कोकण-घाटावरचे लोक धबधबे बघून दमलेले असतात तेव्हा आपला सीझन सुरू होतो. आलेल्या प्रश्नांतले बरेच सारखेच होते, ते एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

प्रश्न : सर, नळदुर्गला जाऊन आलो. कॅननचा कॅमेरा, 18-55 किट लेन्स, ट्रायपॉड मित्राचा. आभाळ चांगलं भरलेलं होतं. यूट्यूबवर बघून छिद्र f/22, आयएसओ 100, शटर 1/4 सेकंद ठेवलं. भिंत छान आलीय पण पाणी नुसतं पांढरं, आत काहीच दिसत नाही. एडिट करून पण येईना. काय चुकतंय सांगा की. (जुळे सोलापूर)

फोटो बघितला. भिंतीवर पांढरा टॉवेल वाळत घातल्यासारखं दिसतंय, आणि सोलापुरात राहून टॉवेलचाच फोटो काढायचा तर नळदुर्गपर्यंत कशाला जायचं. असो. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि तुम्ही दोन्हीला एकच समजताय.

पहिली गोष्ट एक्सपोजरची, म्हणजे फोटोत एकूण उजेड किती घेतला त्याची. नळदुर्गची ती भिंत म्हणजे काळा बसाल्ट, त्यात ओला, म्हणजे अजून काळा. तुमच्या फ्रेममध्ये जवळजवळ सगळी भिंत आहे आणि पाण्याचे दोन पट्टे. कॅमेऱ्याचं मीटर काय करतं, की एवढं काळं दिसतंय म्हणजे उजेड कमी आहे असं धरतं आणि सगळं उजळ करतं (मॅन्युअलवर असाल तर करायला सांगतं). भिंत 'छान' आली ती त्यामुळे, आणि पाणी जळालं ते पण त्यामुळेच. एकदा पाण्यातला पांढरा पूर्ण उडाला की तिथे माहितीच उरत नाही, मग लाइटरूमसारख्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हायलाइटचा, म्हणजे उजळ भागाचा, स्लायडर कितीही ओढा, करडा डाग मिळेल, पाणी नाही मिळणार. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मॅन्युअलवर असाल तर मीटरची खूण) उणे 1 च्या आसपास ठेवून सुरुवात करा, कॅमेऱ्यात हायलाइट अलर्ट चालू करा (जळालेला भाग लुकलुकतो तो), आणि लुकलुकणं जवळजवळ थांबेपर्यंत खाली या. भिंत स्क्रीनवर काळीकुट्ट दिसेल, दिसू दे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढलं असेल तर सावल्या नंतर वर आणता येतात.

दुसरी गोष्ट शटरची, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो त्याची, आणि मला खरं बोलायचंय ते याच्यावर. शटर किती ठेवायचं हे धबधब्यात पाणी किती आहे यावर ठरतं, यूट्यूबवर नाही. बारीक धारा असतील, दगडावरून ओघळत येणारं पाणी असेल तर एक-दोन सेकंद ठेवा, प्रत्येक धार वेगळी रेशमासारखी येते कारण धारांच्या मधे काळा दगड दिसत राहतो. पण नळदुर्गला सांडवा भरून पाणी पडत असतं तेव्हा मधे दगड दिसतच नाही, पाण्यावर पाणी, आणि ते 1/4 सेकंदात एकमेकांत मिसळून सपाट होतं. अशा वेळी 1/15 पासून 1/60 पर्यंत खेळून बघा, पाणी पडतंय हे पण कळतं आणि त्याच्या आतल्या रेघा पण राहतात. पूर आलाय, पाणी उसळतंय, ते जोरदार दाखवायचंय तर सरळ 1/1000 ला जा आणि थेंब गोठवा, कोणी सांगितलंय की धबधबा मऊच दिसला पाहिजे.

अजून एक, तुम्ही कुठे उभे आहात त्यावर पण आहे हे. लांबून वाइड लेन्सने काढलं तर पाणी फ्रेममध्ये हळू सरकतं, तेच जवळून किंवा झूम करून काढलं तर त्याच शटरला जास्त मिसळतं. त्यामुळे कुणाचे आकडे आहेत तसे उचलू नका, माझे पण नको. पहिला फोटो काढून स्क्रीनवर झूम करून पाण्याच्या आत बघा, मग ठरवा.

आणि ते f/22 सोडा. एवढं छिद्र बारीक केलं की डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो) पूर्ण फोटोच जरा मऊ पडतो, किट लेन्सवर तर चांगलंच जाणवतं. तुमच्याच उजेडात f/11 ला आलात तर दोन स्टॉप वाचतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे 1/4 चं 1/15, वर एक स्टॉप अंडर केलं की 1/30. बघा, काही न घेता बरोबर शटर मिळालं. बाकी ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझर बंद, आणि बटण दाबताना हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर.

प्रश्न : एनडी फिल्टर घ्यायचा आहे. एनडी 8, एनडी 64, एनडी 1000 यात कोणता घेऊ? व्हेरिएबल घेतला तर एकातच सगळं होईल ना? (अक्कलकोट)

एनडी म्हणजे उजेड कमी करायला लेन्सवर लावायची गडद काच. एकच घ्यायचा असेल तर एनडी 64. हिशोब सोपा आहे, तो आकडा म्हणजे उजेड तितके पट कमी आणि शटर तितके पट लांब. समजा सकाळी सावलीत फिल्टर न लावता f/11 ला 1/30 येतंय. एनडी 8 लावला की साधारण 1/4, एनडी 64 ला 2 सेकंद, एनडी 1000 लावला तर अर्ध्या मिनिटाच्या वर जातं. अर्ध्या मिनिटात धबधब्याचं काय होतं ते वर टॉवेलमध्ये बघितलंच आपण. एनडी 1000 हा भर दुपारी, किंवा तलावाचं पाणी आरशासारखं करायला, ढग ओढलेले दाखवायला, तिथे मजा आहे त्याची. उजनीच्या काठावर संध्याकाळी लावून बघा. धबधब्याला क्वचित.

व्हेरिएबल म्हणजे आत दोन पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड जाऊ देणाऱ्या काचा) एकमेकांवर फिरतात आणि गडदपणा कमी-जास्त होतो. सोयीचा आहे पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला की फोटोत काळी फुली उमटते आणि ती नंतर निघत नाही. अगदी स्वस्तातल्या फिल्टरने रंग पण बदलतो, पूर्ण फोटो तपकिरी नाहीतर जांभळट. थोडा बदल रॉमध्ये सुधारतो. घेताना लेन्सवर ø खुणेपुढचा आकडा बघून घ्या (58, 55, 52 असं काहीतरी), कॅमेऱ्याचं मॉडेल सांगून मागवू नका, दुकानदार अंदाजे देतो आणि मग परत करायला फेऱ्या.

गडद फिल्टर लावल्यावर कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, म्हणून आधी फ्रेम लावा, फोकस करा, मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा.

पैसे घालवायचे नसतील तर एक जुगाड. ट्रायपॉड न हलवता 1/8 चे एकापाठोपाठ आठ फोटो काढा, फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून त्यांची सरासरी घ्या (स्टॅक मोडमध्ये 'मीन' म्हणून असतं). एक सेकंदाच्या एक्सपोजरसारखंच पाणी येतं आणि नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, उलट कमी होतो.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. त्यात रेशमी पाणी येतं का की ते कॅमेऱ्यावाल्यांचंच काम? (बार्शी)

येतं. आयफोन असेल तर लाइव्ह चालू ठेवून फोटो काढा, नंतर गॅलरीत तो उघडून लाइव्हवर टॅप करा, लाँग एक्सपोजर निवडा, झालं. पिक्सेलच्या कॅमेऱ्यातही लाँग एक्सपोजर आहे. बाकी बऱ्याच अँड्रॉइडमध्ये प्रो मोड असतो तिथे शटर हाताने ठेवता येतं. पण अडचण अशी की बहुतेक मोबाईलला छिद्र लहान करता येत नाही, त्यामुळे दिवसा आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) सगळ्यात खाली आणला तरी 1/4 ला फोटो पांढराच होतो. मग काय, सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर जा, नाहीतर दाट ढगात.

फोन टेकवायला काहीतरी हवं, शंभर-दोनशे रुपयांचा छोटा स्टँड पण चालतो, दगडावर पिशवी ठेवून त्यावर फोन टेकवला तरी चालतो. आणि पाण्याच्या पांढऱ्या भागावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा, मग सूर्याची खूण थोडी खाली ओढा. एवढ्या एका गोष्टीने मोबाईलचे निम्मे फोटो सुधारतील.

प्रश्न : सौताड्याच्या धबधब्याला काढलेल्या फोटोत झाडं, दगड सगळं चकचकीत पांढरं आलंय, हिरवा रंगच नाही. सॅच्युरेशन वाढवलं तर पोपटी झालं. आणि इंद्रधनुष्य दिसत होतं, फोटोत नाही आलं! (होटगी रोड, सोलापूर)

दोन्हीचं उत्तर एकाच वस्तूत आहे, सर्क्युलर पोलरायझर, सीपीएल म्हणतात. ओल्या पानांवर आणि ओल्या दगडांवर आभाळाची चमक पडते, खाली रंग असतो पण वरून पांढरा मुलामा. सीपीएल फिरवला की ती चमक जाते आणि हिरवा खरा दिसतो, दगड काळा होतो, आणि काळा दगड आला की शेजारचं पाणी आपोआप उठून दिसतं. सॅच्युरेशनने हे होत नाही कारण ते चमकेलाच रंग देत बसतं. माझं विचाराल तर धबधब्यासाठी आयुष्यात एकच फिल्टर घ्यायचा असेल तर एनडी नको, सीपीएल घ्या. (अक्कलकोटच्या वाचकांनी रागावू नये, त्यांनी एनडीमधलाच कोणता एवढंच विचारलं होतं.) तो वर दीड-दोन स्टॉप उजेड पण खातो, म्हणजे शटर फुकटात लांब होतं.

आता इंद्रधनुष्य. त्याचा प्रकाश पण पोलराइज्ड, म्हणजे बराचसा एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे सीपीएल एका बाजूला फिरवला की ते गडद होतं आणि दुसऱ्या बाजूला फिरवला की गायब. तुमच्याकडे सीपीएल नव्हता असं धरतो, मग ते ओव्हरएक्सपोजरमध्ये धुऊन गेलं असणार, अंडर करा. परत दिसायला हवं असेल तर सूर्य तुमच्या पाठीमागे पाहिजे आणि क्षितिजापासून 42 अंशांपेक्षा खाली पाहिजे, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर. सूर्य डोक्यावर असताना समोरच्या तुषारांत शोधत बसू नका. फक्त उंच कड्यावरून खाली दरीत बघत असाल तर सूर्य वर असतानाही दिसू शकतं, आणि सौताड्याला आपण वरूनच बघतो बऱ्याचदा.

प्रश्न : बोरी नदीचं पाणी चहासारखं आलंय. एडिटिंगमध्ये पांढरं-निळं करू का? (नळदुर्ग)

नका करू. पहिल्या पुराचं पाणी आहे, आपल्या काळ्या मातीतून येतंय, ते गढूळच असणार. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) निळ्याकडे ओढला की पाणी सुधारल्यासारखं वाटतं पण भिंत आणि गवत आजारी दिसायला लागतं. उलट गढूळ लोंढ्याला जलद शटर द्या, 1/500 च्या पुढे, मातीचा रंग आणि पाण्याचा जोर दोन्ही एकत्र येतात. पांढरं पाहिजे तर पाऊस थांबून थोडे दिवस जाऊ द्या आणि मग या, तुम्ही तर गावातच आहात हो.

तुमच्यासाठी अजून एक सुचवतो. सगळे जण नर आणि मादी दोन्ही एका फ्रेममध्ये कोंबतात. ती भिंत नुसती भिंत नाही, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळात नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ किल्ला यांच्या मधे बोरी अडवून बांधलेलं धरण आहे आणि तिच्या पोटात पाणीमहाल आहे. फोटोत ते बांधकाम यायला पाहिजे. एकच सांडवा घ्या, बाजूचे घडीव दगड घ्या, वर कठड्याशी एखादं माणूस उभं असेल तर तो क्षण धरा, म्हणजे उंची कळते. माणूस नसेल तर बघणाऱ्याला ती भिंत दहा फुटांची आहे की किती काहीच समजत नाही.

प्रश्न : लेन्सवर सारखे थेंब येतात, काय करावं? (पंढरपूर)

लेन्सची टोपी शेवटच्या क्षणापर्यंत लावून ठेवा, दोन-तीन कोरडे मायक्रोफायबर कपडे ठेवा, शर्टाने पुसू नका. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर जागा बदला, सगळ्यात सोपं तेच. छत्री धरायला सोबत कोणीतरी न्या. थेंब राहिलाय का ते बघायला प्रत्येक फोटो झूम करा, छोट्या स्क्रीनवर कळत नाही आणि घरी आल्यावर रडू येतं.

प्रश्न : आमच्याकडे धबधबा नाहीच. वर्षातून एकदा कुठेतरी जायचं आणि तिथे शिकत बसायचं, वेळ जातो. घरी प्रॅक्टिस कशी करू? (मंगळवेढा)

घरचा नळ. खरंच. मागे काळं कापड लावा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, नळ आधी बारीक मग मोठा सोडा, आणि प्रत्येक वेळी 1/500, 1/60, 1/8, 1 सेकंद असे फोटो काढा. बादली खाली ठेवा, पाणी वाया घालवू नका, आपल्याकडे ते शोभत नाही. बारीक धारेला लांब शटर आणि मोठ्या धारेला लहान शटर का, ते तिथेच अर्ध्या तासात डोळ्यांना कळेल. पुढची पायरी बागेतलं कारंजं. हिप्परगा तलाव भरून सांडव्यावरून पाणी गेलं तर तो पण चांगला, फक्त काठावरून काढा, पाण्यात उतरून नाही, शेवाळलेला दगड दिसतो कोरडा आणि असतो साबण.

प्रश्न : नळदुर्गला ड्रोन उडवला तर चालेल का? (सोलापूर)

संरक्षित किल्ला आहे, परवानगी घेतल्याशिवाय नाही. आणि परवानगी मिळाली तरी अगदी वरून काढू नका, वरून बघितलं की भिंतीची उंचीच जाते, पांढरी रेघ तेवढी उरते. सांडव्याच्या समोर, भिंतीच्या निम्म्या उंचीवर ठेवा, तुषारांपासून लांब. ड्रोनसाठी पण छोटे एनडी मिळतात, तिथे एनडी 8 पुरे.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना फोटो मूळ फाइल पाठवा, व्हॉट्सअॅपवरून आलेल्यात सेटिंग दिसत नाहीत.