चांदीच्या रुपयाचा फोटो पांढराफटक येतो, तांब्याच्या शिवराईची अक्षरं दिसत नाहीत. कोणता कॅमेरा घ्यावा?

कॅमेरा घेऊ नका. आहे तोच चालेल, फक्त दिवे हलवा.

नाणं म्हणजे उंचसखल आरसा. रुपया पांढरा पडतो तो समोरची ट्यूबलाइट किंवा खिडकी त्यात जशीच्या तशी दिसते म्हणून. तेव्हा आधी खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा. वाकवता येणाऱ्या मानेचे दोन टेबल लॅम्प घ्या (पुण्यात जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात) आणि तिथल्याच तपकीर गल्लीतून दोन एकसारखे एलईडी बल्ब आणा. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 किंवा जास्त लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर तांब्याचा रंग मेलेला येतो.

नाणं घड्याळाची तबकडी समजा. एक दिवा दहावर, दुसरा दोनवर. खालून, म्हणजे सहाच्या बाजूने, उजेड कधीच देऊ नका. रुपयावरच्या व्हिक्टोरिया राणीचा चेहरा उठावाऐवजी खड्ड्यात कोरल्यासारखा दिसतो.

खरी मेख उंचीत आहे. चांदीच्या चकचकीत रुपयासाठी दिवे उंच, जवळजवळ लेन्सला चिकटून हवेत, टेबलापासून साधारण 65-70 अंशांवर. झिजलेल्या शिवराईला नेमकं उलटं: एकच दिवा, 20-25 अंशांवर, जवळपास आडवा. मग ‘श्री राजा शिव’चा प्रत्येक काना सावली टाकतो आणि वाचता येतो. हाच आडवा उजेड रुपयावर टाकलात तर बारीकसारीक ओरखडेसुद्धा ढळढळीत दिसतील. दिव्यावर बटर पेपरचा एकच थर लावा. तीन-चार थरांनी चांदीचं पाणी जातं, नाणं शिशाचं वाटतं.

आरशासारख्या प्रूफ नाण्याला (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या) एवढ्याने भागत नाही. फोटोफ्रेमची स्वच्छ काच लेन्स आणि नाण्याच्या मध्ये 45 अंशांत तिरकी धरा, दिवा बाजूने आडवा काचेवर टाका, पलीकडे काळा कागद लावा. काच जेमतेम दहावा हिस्सा उजेड खाली वळवते, तेव्हा शटर आठ-दहा पट जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

कॅमेऱ्याचं काम त्यामानाने सोपं. मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8. जास्त खोलीपर्यंत स्पष्ट येईल म्हणून छिद्र आणखी लहान करत एफ/16 वर जाऊ नका. इतक्या जवळून ते प्रत्यक्षात एफ/24 सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) अक्षरांच्या कडा मऊ पडतात. शटर 1/50 किंवा त्याहून संथ ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे वेगवान शटरला स्वस्त एलईडीचे पट्टे उमटतात. बटण दाबताना हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, त्याच दिव्यांखाली ग्रे कार्डवर (करड्या रंगाच्या पुठ्ठ्यावर) ठरवा. काळ्या कापडावर ऑटो मोड हमखास फसतो, अंधार समजून नाणं पांढरंफटक करतो.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून काढायची) नसेल तर 50 मिमीच्या लेन्समागे 25 मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी, लावा, निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते. रुपयाचा व्यास साधारण 30 मिमी, म्हणजे एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो मध्यम आकाराचा) सेन्सरवर तो जेमतेम मावतो, कडेला जागा हवी तर आखूड ट्यूब लावा. अडचण एकच, लेन्स इतकी जवळ येते की दिवे शिरायला जागा उरत नाही. 100 मिमीची मॅक्रो महाग असली तरी म्हणूनच बरी. मोबाईल असेल तर तो नाण्यावर टेकवू नका, सावली पडते. 2x किंवा 3x लेन्सने लांबून काढा, नाण्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि एक्स्पोजर (उजळपणा) किंचित खाली ओढा.

कॅमेरा सरळ आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मध्यभागी आलं की झालं. मग बाटलीच्या बुचावर नाणं ठेवा, पार्श्वभूमीवरची सावली आणि कापडाची वीण दोन्ही गायब होतात.

आणि फोटोसाठी म्हणून नाणं घासू नका. चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काहीही नको. गेलेली झळाळी परत येत नाही, भाव मात्र पडतो. कड धरून उचला, धूळ रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचा ठिपका चांदीवर कायमचा बसू शकतो.