मॅग्नेटची ताकद का उतरली?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आम्ही मोटरमध्ये एन-४२ ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट बसवले. काही आठवड्यांतच ताकद उतरली, कडांना गंजही दिसतोय. काय चुकलं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : नुसत्या, म्हणजे पुढे अक्षर नसलेल्या ‘एन-४२’ची तापमानाची मर्यादा साधारण ८० अंश सेल्सिअस, भाराखाली मोटर त्यापुढे सहज तापते. १५० अंशांपर्यंतचा ‘एसएच’ ग्रेड मागा. त्यात बहुधा डिस्प्रोशियम हा महागडा धातू असतो, म्हणून महाग पडतो, पण इथे काटकसर नकोच. गेलेली ताकद थंड झाल्यावर परतत नाही. पुन्हा मॅग्नेटाइज करावं लागतं.

गंज चढतो मॅग्नेटवरचा निकेलचा थर फुटल्यावर. निओडिमियमला हवा-ओल सोसत नाही, त्यात खाडीकाठचा दमटपणा. मॅग्नेट ठोकून बसवू नका, इपॉक्सीने चिकटवा. भोक तर मुळीच पाडू नका: मॅग्नेट तडकतो, आणि कोरडा कीस पेट घेतो.