पाणी त्यांचं त्यांना घेऊ दे

पत्र: ताई, माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा दम लागणारा जुनाट आजार आहे. सिगरेट ४ वर्षांपूर्वी सुटली. २ वर्षं मी त्यांचं सगळं बघतेय, श्वासाचा पंप, औषधं, जेवण, बेडवरून उठावंच लागू नये अशी सोय केलीय. भाऊ दर रविवारी येतो आणि त्यांना खाली फिरायला नेतो, परत येतात तेव्हा एवढी धाप लागलेली असते की माझाच जीव वर येतो. मागच्या आठवड्यात यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. बाबाही ऐकत नाहीत, परवा मी अर्धा तास बाहेर गेले तर उठून स्वतः पाणी घेऊन आले, मी खूप रागावले. भावाला कसं समजावू? – एक मुलगी

अगं, भावाचं राहू दे. मी तुझ्या पत्रात त्या पाण्यापाशी अडकलेय. २ वर्षं आजारी असलेला माणूस आपल्याच घरात पाण्याचा ग्लास भरून घ्यायला मुलगी बाहेर जायची वाट बघतो, हे तू एका ओळीत उरकलंस. मला तर ते वाचून बाबांचं कौतुकच वाटलं, आणि तुझा, खरं सांगते, राग आला.

धाप बघून घाबरतेस ते कळतं मला. पण दम लागला म्हणजे फुप्फुसाला इजा झाली असं नसतं गं. सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद होतात, आतले हवेचे बारीक फुगे खराब होतात, मग घेतलेली हवा पुरती बाहेरच पडत नाही, जुनी आत अडकून बसते आणि नवीनला जागाच उरत नाही. फुप्फुसाचं जे नुकसान झालंय ते भरून येत नाही, ते कोणाच्याच हातात नाही. पण पायांचं आहे! बसून बसून मांड्यांची ताकद जाते आणि कमजोर पायांना तेवढंच चालायला जास्त हवा लागते, म्हणजे दम अजून लवकर लागतो, म्हणून माणूस अजून बसतो, की पाय अजून कमजोर होतात. तू ज्याला सोय म्हणतेस ना, त्यातून हे होतंय. भाऊ त्यांना चालवतो ते बरोबर करतो, फक्त आठवड्यातून एकदा चालवून भागत नाही, रोज हवं, थोडं थोडं.

तेव्हा उद्यापासून पाणी तू द्यायचं नाही, बस एवढंच. ते उठतील, चार पावलं चालतील, दम लागेल, मग टेबलावर हात टेकून जरा पुढे वाकून उभे राहतील. घाईने धावू नकोस. त्यांना शिकव, नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, समोर दिव्याची ज्योत असली तर ती हलेल पण विझणार नाही इतकं हळू, आणि घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. असं केलं की अडकलेली हवा बाहेर यायला वेळ मिळतो. चालताना दोन-चार शब्द बोलता येत असतील तर चाललंय ते ठीक आहे. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळे पडले किंवा बसूनही दम खाली येईना तर मात्र थांबायचं आणि लगेच डॉक्टर. आणि एरवीपेक्षा दम वाढला, कफ वाढला किंवा त्याचा रंग बदलला तर त्याच दिवशी फोन करायचा, रविवारची वाट बघत बसायचं नाही.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा पल्मनरी रिहॅबबद्दल विचार, त्यात साधारण ६ ते ८ आठवडे देखरेखीखाली चालणं आणि व्यायाम करून घेतात. बाबांना पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांग, कारण कित्येक जण वर्षानुवर्षं चुकीचा घेतात आणि औषध घशातच राहतं. फ्लूची लस दरवर्षी घेता ना, तेही बघ.

आणि भावाला फोन कर. समजवायला नाही, येत्या रविवारी मीपण येते खाली, एवढंच सांगायला. त्याआधी उद्या सकाळी बाबा पाण्यासाठी उठले की तू बसलेलीच राहा, हात मांडीखाली दाबून ठेवावे लागले तरी चालतील.