भाऊबंदकी म्हणजे भांडण नव्हे: नाट्यउताऱ्यातल्या काही शब्दांविषयी

प्रश्न करवीर तालुक्यातल्या एका मराठीच्या शिक्षिकेचा आहे. दहावीच्या मुलांना सरावासाठी त्यांनी स्वतः एक छोटा नाट्यउतारा लिहून दिला आणि खाली विचारलं, ‘उताऱ्यातील कौटुंबिक संघर्ष व सांस्कृतिक परंपरा स्पष्ट करा.’ उत्तरांत कुणी ‘भांडण’ लिहिलं, कुणी ‘कलह’, बऱ्याच जणांनी ‘भाऊबंदकी’. परंपरेच्या जागी रूढी, प्रथा, संस्कृती असं काहीही आलं. हे सगळे समानार्थी धरायचे का, आणि बहिणीच्या तोंडचं ‘मी आलो’ दुरुस्त करायचं का, असं त्या विचारतात. उतारा असा:

थोरला : काठी यंदाबी सोप्यातनंच निघंल. आबांच्या वक्तापास्नं चालत आलंय.
धाकटा : (आईकडे बघत) आये, त्यास्नी सांग, खांदा आमचा आन् मान त्यांचा, ह्ये आता चालायचं न्हाई.
आई : चुली येगळ्या झाल्या म्हणून देवबी येगळा हुतोय व्हय रं?
बहीण : (उंबऱ्यातच) आदी मला सांगा, मी जत्रंला आलो का सहीला?

काठी म्हणजे जोतिबाची सासनकाठी, देवाचं निशाण असलेली उंच काठी, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर जाणारी. सोपा म्हणजे घराची पुढची ओसरी. हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, पण उतारा बाहेरच्या मुलांच्या हाती गेला तर टीप लागेल.

आधी ‘भाऊबंदकी’, कारण सगळ्यात जास्त घसरण तिथेच होते. हा शब्द मुळात भांडणाचा नाहीच. पाटीलकी, मास्तरकी, आपुलकी, माणुसकी यांतला जो ‘-की’, तोच इथे आहे. पाटील असणं ती पाटीलकी, माणूस असणं ती माणुसकी. त्या हिशोबानं भाऊबंद असणं, म्हणजे एका कुळीचं नातं, ती भाऊबंदकी. नात्याचं नाव भांडणाला चिकटलं, कारण हिस्सा मागणारा माणूस त्या नात्याबाहेरचा नसतो. शेजाऱ्याशी बांधावरून वाद होईल, पण तुमच्या आजोबांच्या जमिनीत तो वाटा मागणार नाही. चुलतभाऊ मागतो.

संस्कृतातही हेच झालेलं आहे. ‘भ्रातृव्य’ म्हणजे भावाचा मुलगा, आणि भ्रातृव्य म्हणजे शत्रूसुद्धा. पाणिनीनं हे दोन अर्थ लागोपाठच्या दोन सूत्रांत (४.१.१४४ आणि १४५) वेगळे नोंदवले आहेत. गंमत म्हणजे दुसऱ्या सूत्रात शत्रूसाठी त्यानं वापरलेला शब्द आहे ‘सपत्न’, आणि तो निघाला ‘सपत्नी’वरून, म्हणजे आपल्या सवतीवरून. शत्रूला नाव द्यायला भाषा दोन्ही वेळा घरातच शिरली.

कोल्हापूरकडे यातले दोन अर्थ दोन शब्दांनी वाटून घेतले आहेत, आणि ही सोय मुलांना आयती मिळते. ‘भावकी’ म्हणजे माणसं आणि ‘भाऊबंदकी’ म्हणजे त्यांच्यातला झगडा. ‘लग्नाला सगळी भावकी आली’ यात कुणाचंच वाकडं नाही. ज्यांचं सुतक आपल्याला लागतं ती भावकी, ही गावातली व्याख्या कुठल्याही कोशाइतकी नेमकी आहे. लग्नानं जोडलेले ते सोयरे. ते भावकीत येत नाहीत. म्हणूनच सासू-सुनेच्या कुरबुरीला, नवरा-बायकोच्या तणातणीला किंवा शिक्षणावरून बाप-लेकात झालेल्या वादाला भाऊबंदकी म्हणता येत नाही. दोन अटी लागतात: माणसं एका वारशाची हवीत, आणि वादाचा विषय त्या वारशातला वाटा हवा. वाटा जमिनीचा असेल, सत्तेचा असेल किंवा नुसता मानाचा.

माणसं सख्खे भाऊच असली पाहिजेत असंही नाही. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली रंगभूमीवर आणलेल्या नाटकाचं नावच ‘भाऊबंदकी’. त्यात झगडा राघोबादादा आणि नारायणराव यांच्यातला आहे, म्हणजे काका-पुतण्यांचा. पण वर्गात दाखला द्यायचा तर पुण्यापर्यंत जायची गरज नाही. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. एकाच आजोबांच्या राज्यावर दोघांचा दावा, आणि १७३१ च्या वारणेच्या तहानं ठरलेली वाटणी: वारणा नदी हा बांध, अलीकडे करवीर, पलीकडे सातारा. राज्याची असो की अकरा गुंठ्यांची, भाऊबंदकीचा शेवट बांध घालण्यात होतो. (आणि तो बांध पुढं कुणीतरी कोरतोच.)

आता उतारा पुन्हा वाचा. थोरल्या-धाकट्यात जे चाललंय ते भाऊबंदकी आहे का? आहे. वारसा एक, वाद मानाचा. ज्या मुलांनी तो शब्द लिहिला त्यांना गुण द्यायलाच हवेत, पण कशाची भाऊबंदकी हे पुढच्या वाक्यात आलं असेल तर. नुसतं ‘भावाभावांत भाऊबंदकी आहे’ असं लिहिलं तर शब्द पुन्हा सांगितला, उत्तर दिलं नाही.

आणि ‘भांडण’? उताऱ्यात भांडण झालेलंच नाही. भांडण कानांना ऐकू येतं: आवाज चढतो, शब्दाला शब्द लागतो. इथं दोघं भाऊ एकमेकांशी एक वाक्यही बोलत नाहीत. कंसातली सूचना बघा, ‘आईकडे बघत’, आणि मग ‘त्यास्नी सांग’. ज्याला सांगायचं तो चार हातांवर उभा आहे, तरी निरोप आईमार्फत. याला आपल्याकडे स्वतंत्र नाम आहे: अबोला. तो होत नाही, कुणीतरी धरतो, आणि कुणीतरी आधी सोडावा लागतो. मुलांना एवढं दाखवलं तरी पुरे की नाटकात कोण कुणाकडे बघून बोलतं आणि कुणाबद्दल ‘त्यांना’ म्हणतं, यावरून संबंध कळतात. रंगसूचना गाळून उतारा वाचला तर हा अबोला हातातून निसटतो आणि मुलं हमखास ‘दोघे भाऊ भांडतात’ असं लिहितात.

बाकीच्या शब्दांबद्दल थोडक्यात. ‘कलह’ पुस्तकी आहे, ‘गृहकलह’ तर वर्तमानपत्री. चूक नाही, पण त्यातून काही कळत नाही. ‘तंटा’ म्हटलं की मिटवणारा तिसरा आलाच, पंच असो की समिती. २००७ साली शासनानं गावांसाठी मोहीम काढली तिचं नाव ‘तंटामुक्त’ ठेवलं, ‘कलहमुक्त’ नाही, ते बरोबरच होतं. ‘वितुष्ट’ येतं तेव्हा आधी बरं चाललेलं असतं. ‘बेबनाव’ म्हणजे नुसतं न जमणं. त्याला वाट्याबिट्याचं कारण लागत नाही.

‘संघर्ष’ मात्र दोन तोंडांचा शब्द आहे. मुळात सम् अधिक घृष्, म्हणजे एकमेकांवर घासणं. घासायला दोन पृष्ठं लागतात. नाट्यसंघर्षात ती दोन पात्रांच्या दोन इच्छा असतात, किंवा एकाच पात्राच्या मनातल्या दोन. पण रोजच्या मराठीत आपण ‘फार संघर्ष करून वर आला’ असंही म्हणतो आणि तिथे अर्थ कष्ट एवढाच असतो. मुलांच्या कानावर हा दुसरा अर्थ जास्त पडतो. म्हणून ‘संघर्ष स्पष्ट करा’ म्हटलं की उत्तर येतं, ‘आईने मुलांसाठी खूप संघर्ष केला.’ उताऱ्यात आईच्या कष्टांविषयी अवाक्षर नाही. ही चूक आळसाची नाही, शब्दाची आहे. प्रश्नातच ‘कोणाला काय हवे आहे व कोणामुळे अडते आहे’ असं विचारलं तर ती होत नाही. ‘कौटुंबिक’चंही तसंच. जुनी माणसं अजून ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको अशा अर्थानं म्हणतात. त्यांच्या लेखी कौटुंबिक संघर्ष म्हणजे वेगळंच काहीतरी.

परंपरा, रूढी, प्रथा यांच्यासाठी व्याख्या पाठ करून घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर कोणतं क्रियापद येतं ते विचारावं. परंपरा जपतात आणि ती खंडित होते. रूढी पाळतात आणि मोडतात. कुळाचार करतात, आणि तो चुकतो. पायंडा पडतो किंवा पाडतात. वहिवाट सिद्ध करावी लागते. परंपरा ‘मोडली’ म्हणतानाही जीभ जरा अडखळते, कारण तो मुळात साखळीचा शब्द आहे, एकामागून दुसरा. म्हणून तर ‘संकटांची परंपरा’ असंही आपण म्हणतो, आणि तिथं जपण्यासारखं काही नसतं. रूढी म्हणजे जे रुजलं, मूळ धरून बसलं. त्यामुळे उपटायची भाषा तिच्याच वाट्याला येते. ‘अनिष्ट रूढी’ शालेय पुस्तकांत इतकी घासली गेली आहे की बरी रूढी असू शकते हेच मुलांना पटत नाही. ‘संस्कृती’ या प्रश्नाच्या उत्तरात शक्यतो नकोच. सासनकाठी ही संस्कृती, मग सोपा संस्कृती नाही का? आणि प्रश्नातल्या ‘परंपरे’ला ‘सांस्कृतिक’ हे विशेषण लावून काय मिळतं तेही कळत नाही.

ही कसोटी उताऱ्याला लावली की खरी मजा दिसते. सासनकाठी जोतिबाला नेणं ही परंपरा. तिच्याबद्दल चौघांपैकी एकाचीही तक्रार नाही. वाद आहे तो मान कुणाचा यावर. धाकटा ‘काठी न्यायची नाही’ असं म्हणतच नाही. उंच काठी चारी बाजूंच्या दोरांनी तोलत, खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, ते काम त्याच्या घरानं करायचं आणि काठी मात्र थोरल्याच्या दारातून निघायची, हे त्याला नको आहे. थोरला उत्तर काय देतो? ‘आबांच्या वक्तापास्नं चालत आलंय.’ हे परंपरेचं वाक्य वाटतं, पण तर्क वहिवाटीचा आहे, शेताच्या रस्त्याच्या दाव्यात करतात तोच: इतकी वर्षं आम्ही इथूनच जातो, म्हणजे हक्क आमचा. आई ते ओळखते आणि वाद पुन्हा देवाकडे वळवते. ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ असं साचेबद्ध उत्तर इथं कुणी लिहिलं असेल तर ते चुकीचं धरावं. दोन्ही बाजू परंपरेच्याच आहेत.

आईच्या वाक्यातली ‘चूल’सुद्धा सोडू नये. चूल वेगळी होणं आणि वाटणी होणं या दोन घटना आहेत, आणि त्यांच्यात कधी वर्षं जातात. चूल वेगळी करायला कुणाची परवानगी लागत नाही, दोन भांडी आणि एक गॅस पुरतो. जमिनीची वाटणी म्हणजे खातेफोड: महसूल संहितेचं कलम ८५, तहसीलदारांचा आदेश, मग फेरफार, मग वेगळा सातबारा. आई फक्त चुलीबद्दल बोलते आणि बहीण सहीबद्दल विचारते, त्यावरून जमीन अजून सामाईक आहे हे उतारा न सांगता सांगतो.

सही कशाची, हे गावातल्या मुलीला विचारावं लागत नाही. हक्कसोडपत्राची. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं मुलगीही जन्मानं सहदायाद झाली, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत भावांइतकीच वाटेकरी. रीत मात्र अजून अशी की साडीचोळी करून बहिणीची सही घ्यायची. म्हणून तिच्या एका प्रश्नात दोन निमंत्रणं आहेत: जत्रेचं माहेरवाशिणीला, सहीचं वाटेकरणीला. आणि ती उंबऱ्यातच उभी आहे, आत आलेली नाही. उताऱ्यातला सगळ्यात धारदार संघर्ष हाच. पण त्याला ‘भाऊबंदकी’ म्हणावं का? जुन्या अर्थानं नाही, कारण लग्न झालेली मुलगी बापाच्या भावकीत मोजत नाहीत. कायद्याच्या अर्थानं म्हणावं लागेल. भाषा इथं कायद्याच्या मागे आहे. ‘बहीणबंदकी’ अजून कुणी म्हणत नाही. ज्या मुलानं किंवा मुलीनं हा तिसरा कोन नुसता ओळखला, त्याला नाव काय दिलं हे न बघता गुण द्यावेत.

तपासताना एका वाक्यावर मात्र लाल रेघ मारावी: ‘या उताऱ्यात कौटुंबिक संघर्ष दिसून येतो व सांस्कृतिक परंपरेचे दर्शन घडते.’ हे कोणत्याही पाठाखाली चालतं, म्हणजे या उताऱ्याबद्दल ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं: ‘काठीचा मान थोरल्या घराचा व तिचे ओझे धाकट्याचे, ही विभागणी धाकट्याला अमान्य आहे, थोरला ती वहिवाट म्हणून टिकवू पाहतो. काठी नेण्याच्या परंपरेविषयी मात्र दोघांत दुमत नाही.’ दोनच वाक्यं, आणि प्रत्येक शब्द उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवतो.

राहिलं ‘मी आलो’. दुरुस्त करू नका. कोल्हापूर आणि आसपास बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, त्याच्याशी याचा संबंध जोडतात. पण प्रमाण मराठीतही ‘आम्ही आलो’ बायका आणि पुरुष सारखंच म्हणतात आणि कुणाला खटकत नाही. ‘आले’ केलंत तर ‘आदी’ आणि ‘जत्रंला’ यांच्या मधोमध एक शब्द पुण्याहून आल्यासारखा दिसेल. मुलांनी मात्र उत्तरात स्वतःचं वाक्य लिहिताना ‘बहीण विचारते, मी जत्रेला आले की सहीला’ असं प्रमाण रूप वापरावं, आणि संवाद जसाच्या तसा घेतला तर अवतरणचिन्हांत ‘आलो’च ठेवावं. अवतरणचिन्हं विसरली तर मात्र ती चूकच.