प्लांट-बेस्ड आणि लॅबमधलं मांस खावं का, की आपलं नैसर्गिक अन्नच बरं?

आधी हे लक्षात घ्या की दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. प्लांट-बेस्ड म्हणजे सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन काढून त्यात तेल, मीठ, फ्लेवर घालून मांसासारखं केलेलं, आणि लॅबवालं म्हणजे प्राण्याच्या खऱ्या पेशी टाकीत वाढवलेल्या, त्यामुळे ते शाकाहारी नाहीच. २०१३ ला लंडनमध्ये डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी लॅबमधल्या मांसाचा पहिला बर्गर दाखवला, २०२० ला सिंगापूरने विक्रीला परवानगी दिली, इटलीने मात्र २०२३ ला बंदीच घातली.

मला विचाराल तर नुसतं "नैसर्गिक आहे" म्हणून काही चांगलं ठरत नाही, ब्रॉयलर कोंबडी पण सहाएक आठवड्यात कापायला तयार होते, ते कुठे नैसर्गिक आहे. पण प्रोटीनसाठी महागडी फ्रोझन पाकिटं घ्यायची गरज नाही, त्यात मीठही बरंच असतं, मागचं लेबल वाचाच. सोया चंक्स पण फॅक्टरीतलेच, तरी स्वस्त आणि कोरड्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ५० ग्रॅम प्रोटीन, शिवाय मटकी, हरभरे आहेतच. कोवळ्या फणसाची भाजी रस्सा केला की अगदी मटणाच्या जवळ जाते, मला फार आवडते, पण प्रोटीन त्यात नावालाच, त्यामुळे सोबत उसळ हवीच.