वाचक विचारतात: हे वेगळे कपडे कशासाठी?

प्रश्न: ताई नमस्कार, मी बीकॉम सेकंड इयरला आहे, रोज इंदोरा चौकातून मेट्रो पकडतो आणि सीताबर्डीला उतरतो. मागच्या आठवड्यात एकाच डब्यात एक भंतेजी, दोन सिस्टर (चर्चच्या नन), एक सरदारजी अंकल आणि रिदा (त्यांचा बुरख्यासारखा रंगीत पोशाख) घातलेल्या दोन बोहरी काकू होत्या. माझा मित्र म्हणाला देव मनात असतो ना, मग हे सगळं दाखवायची काय गरज, ही शोबाजी आहे. मला पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. मोबाईलवर अमेरिकेतल्या आमिश लोकांचे व्हिडिओ पण पाहिले, त्यातले काही तर कोटाला बटणंसुद्धा लावत नाहीत म्हणे. हे लोक असं का करतात?
– एक विद्यार्थी, इंदोरा

उत्तर: तुझ्या मित्राचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही रे, पण त्यानं एक गोष्ट धरूनच ठेवलीय की कपडा हा बघणाऱ्यासाठी असतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. तो समज वाळत घातलेल्या एका चीवरामुळे, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रामुळे, गेला, म्हणून आधी तेच सांगते.

तुमच्याच भागातल्या एका विहारात वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपल्यावर चीवरदानाला गेलो होतो आम्ही. मागच्या अंगणात दोरीवर एक जुनं चीवर वाळत होतं. मी समजायची की ते एक मोठं सलग कापड असतं, आपल्या धोतरासारखं. जवळ गेले तर सगळीकडे शिवण! लांब पट्ट्या, त्यांना आडवे छोटे तुकडे जोडलेले, मधनं उभ्या-आडव्या दुमडलेल्या पट्ट्या. भंतेजींनी मला बघताना पाहिलं आणि शिवणीवर बोट ठेवून म्हणाले, ‘हे धुरे आहेत बाई, आणि हे मधलं वावर.’ विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, गोष्टच आहे तशी, बुद्धांनी मगधातली भातशेती पाहिली, बांधांनी आखलेली, आणि आनंद या शिष्याला विचारलं असं चीवर बनवता येईल का, आणि आनंदानं तसं कापून शिवून दाखवलं. आजही सांगतात की चीवर असंच कापून जोडलेलं हवं. आता विचार कर, चांगलं कापड घेऊन त्याचे तुकडे करायचे आणि परत जोडायचे, कशाला? कारण तुकडे केले की त्या कापडाची बाजारात किंमत राहत नाही, चोराला त्यात काही मिळत नाही आणि नेसणाऱ्यालाही त्याचा लोभ वाटत नाही. सुरुवातीला तर उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या गोळा करून शिवायचे, त्याला पांसुकूल म्हणत. रंगही झाडाच्या साली, मुळ्या, पानं उकळून काढलेला. म्हणजे ते कपडे पहिल्यांदा त्या भिक्खूशीच बोलतात, सकाळी नेसतानाच, की बाबा तू काय सोडून आलायस ते लक्षात ठेव.

पण दुसऱ्यांना ओळख पटणं हेही काम आहेच, ते नाही असं मी म्हणणार नाही. त्याच विनयात आहे की साकेतहून श्रावस्तीला जाणाऱ्या काही भिक्खूंना वाटेत चोरांनी लुटलं, कपडेही नेले, ते तसेच उघडे श्रावस्तीला पोचले तर तिथल्या भिक्खूंना वाटलं हे उघडे राहणाऱ्या आजीवक पंथाचे लोक आलेत! आपल्याच लोकांनी ओळखलं नाही. दारोदार भिक्षा मागणाऱ्या माणसाला लोकांनी ओळखणं किती गरजेचं असेल ते यातून कळतं. आणि ओळखलं की लोक लक्षही ठेवतात ना, चीवर अंगावर असताना टपरीवर उभं राहून वाट्टेल ते करता येत नाही.

शिखांचं याहून वेगळं, आणि मला ते फार भिडतं. १६७५ मध्ये दिल्लीत गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, आणि परंपरा सांगते की त्या वेळी तिथले कितीतरी शीख भीतीनं गर्दीत मिसळून गेले, आपण शीख आहोत असं कोणी म्हणालं नाही. म्हणून १६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंहांनी खालसा उभा केला तेव्हा असं रूप दिलं की लपायचं म्हटलं तरी लपता येऊ नये. केश, कंगा, कडं, कच्छ, कृपाण. संकटात सापडलेल्या माणसालाही दुरून दिसावं की मदत मागायला इथं कोणीतरी आहे. त्याला तुझा मित्र शोबाजी म्हणेल का? शोबाजी सोयीची असते रे, ही तर दंगलीत जीवावर बेतते, १९८४ मध्ये दिल्लीत तेच झालं.

आणि पारशी बघ. आपल्या नागपुरात १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू करणारे जमशेटजी टाटा त्याच समाजाचे. त्यांचं सुद्रं (आतला पवित्र सुती सदरा) आणि कुस्ती शर्टाच्या आत असतं, कोणाला दिसतच नाही. कुस्ती म्हणजे लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली दोरी, कमरेला तीन वेढे देऊन बांधायची, दिवसातनं अनेकदा सोडून प्रार्थना म्हणत परत बांधायची. धागे ७२ कारण त्यांच्या यस्न ग्रंथाचे अध्याय ७२. हे तर जगाला दाखवायला नाहीच ना, मग मित्राचं गणित इथं कुठं बसवायचं?

आमिश हा ख्रिश्चनांचाच एक पंथ, त्यांचं कारण साधेपणाचं. शेजाऱ्यापेक्षा मी भारी असं कोणाला वाटायला नको, म्हणून सगळ्यांचे कपडे एकसारखे आणि साधे, दिखाऊ बटणांच्या जागी हूक. लग्न झालेला पुरुष दाढी ठेवतो पण मिशी नाही, कारण त्यांच्याकडे मिशीचा संबंध सैनिकी थाटाशी जोडला गेला आणि ते लढाई मानत नाहीत. सिस्टर लोकांमध्येही आता दोन प्रकार दिसतात, कोणी पूर्ण झग्यात, कोणी साध्या साडीत, कारण १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनं सांगितलं की पोशाख साधा, तब्येतीला आणि कामाला सोयीचा करा. मदर तेरेसांनी तर १९४८ मध्येच निळ्या काठाची पांढरी सुती साडी घेतली होती, कोलकात्यातल्या गरीब बायका नेसत तसलीच. बोहरी काकूंचा रिदा मात्र आज दिसतो तसा काही फार जुना नाही, गेल्या चाळीसेक वर्षांत त्यांच्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून तो पक्का रुळला. इतवारीत बोहरी दुकानात गेलास तर मालकाची पांढरी टोपी जवळून बघ, सोनेरी दोऱ्याची किनार असते तिला आणि पुष्कळदा ती घरच्या बाईनं क्रोशानं विणलेली असते, विणायला किती दिवस जातात ते त्यांनाच विचार.

आता मला खरं जे बोलायचंय ते. कपडे वेगळे आहेत का, एवढं विचारून भागत नाही, ते कोणी ठरवले हे विचारावं लागतं. १२१५ मध्ये रोमच्या चर्च परिषदेनं ठरवलं की ज्यू आणि मुसलमानांनी ओळखू येतील असे वेगळे कपडे घालायचे. १९४१ मध्ये नाझींनी जर्मनीतल्या ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा शिवायला लावला. तीही धर्माची खूणच होती पण दुसऱ्यानं ठोकलेली. आणि आपल्याकडे काय वेगळं होतं का? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की लुगडं नेसायची ही जी तऱ्हा आहे आणि हे जे जाड दागिने आहेत त्यांच्यावरून तुमची जात लांबून ओळखू येते, ते टाका. आणि बायकांनी तिथंच नेसण बदललं. त्याच माणसानं २९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, आपल्या नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा लाखो लोक पांढरे कपडे घालून आले होते. आधी अंगावरची खूण काढली, मग स्वतःच्या मर्जीनं एक घेतली. हे दोन्ही एकाच आयुष्यात झालं आणि त्यातलं दुसरं आपल्या शहरात झालं, मी दीक्षाभूमीवरनं जाताना दर वेळी हे आठवते.

म्हणून मित्राला सांग की शोबाजी आहे का हे कपड्यावरून कळत नाही. पण ज्या पोरीला घरचे जबरदस्तीनं काही घालायला लावतात तिचा प्रश्न वेगळा आणि जिला तेच कॉलेजच्या गेटवर जबरदस्तीनं काढायला लावतात तिचाही वेगळा. दोघींनाही ‘तुला काय हवंय’ हे कोणी विचारलेलं नसतं. मला दोन्हींचा राग येतो, हे मी इथं स्पष्ट लिहिते.

प्रश्न: हेल्मेट नसलं की आम्हाला चौकाचौकात फाईन आणि सरदारजींना सूट, हे न्यायाचं आहे का? मे महिन्यात ४५ डिग्रीत आम्हीही हेल्मेट घालतोच ना.
– एक ज्येष्ठ वाचक, वर्धा रोड

उत्तर: काका, सूट पोलिसांनी मनानं दिलेली नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच आहे, आणि तीही पगडी घालून गाडी चालवणाऱ्या शीख माणसाला. पगडी नसेल तर त्यालाही हेल्मेट लागतंच. कृपाणाचं तर थेट संविधानात आहे, अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की कृपाण धारण करणं हा शीख धर्म मानण्याचाच भाग समजला जाईल. तुमचा राग मी समजू शकते, पण पगडी म्हणजे टोपी नाही, सिग्नलवर काढून हँडलला अडकवता येत नाही. तुम्ही हेल्मेट घालाच, आणि खाली सुती रुमाल बांधा, घाम डोळ्यात येत नाही.

प्रश्न: ताई, फेब्रुवारीत माझं लग्न आहे, बौद्ध पद्धतीनं. आई म्हणते पांढरीच साडी. होणाऱ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या बायका म्हणतात लग्नात पांढरं अशुभ. मला स्वतःला लाल-पिवळं आवडतं. पांढरं कुठं सक्तीचं लिहिलंय का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: सक्तीचं नाही गं. बावीस प्रतिज्ञा काढून वाच, कपड्याबद्दल एक ओळ नाही त्यात. पांढरं आलंय पाली ग्रंथातल्या उपासक-उपासिकांकडून, घरगृहस्थी करणाऱ्या अनुयायांना तिथं ‘ओदातवसन’ म्हटलंय, म्हणजे पांढरी वस्त्रं घालणारे. भिक्खूंचं काषाय (भगवट) आणि संसारी माणसाचं पांढरं अशी ती जोडी आहे. आणि आपल्याकडे १९५६ नंतर लग्नातही तेच रुळलं, कारण हळद-कुंकू, मुहूर्त, शुभ-अशुभ हे सगळं मागं टाकायचं होतं. त्यामुळे पांढरं अशुभ म्हणणाऱ्या बायकांचं मनावर घेऊ नकोस, विधवेला रंग नाकारणाऱ्या रूढीतनं आलंय ते, आपण ती मानतच नाही.

पण आईचं ऐकायचं तर आई काय म्हणते ते नीट ऐक. बहुतेक तिला रंगाचं नाही पडलेलं, तिला त्रिशरण-पंचशील घेताना तू तिच्यासारखी दिसायला हवी आहेस. तर वंदनेला आणि विधीला पांढरी नेस, रिसेप्शनला तुझं लाल-पिवळं बिनधास्त काढ, कोणी अडवणार नाही. आणि पांढरी घ्यायचीच तर गांधीबागेत आत्ताच जाऊन ये, आईला सोबत ने, दिवसाउजेडी दुकानाबाहेर आणून बघ कारण ट्यूबलाईटमध्ये ऑफव्हाईट पण पांढरंच दिसतं. अस्तराचं ब्लाउज जानेवारी लागायच्या आत शिवायला टाक, लग्नसराईत शिंपी हात जोडतात.