अध्यात्मात एमए करता येतं का हो?

प्रश्न: मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, फिलॉसॉफी घेऊन. पुढे अध्यात्म ह्याच विषयात एमए आणि जमलं तर पीएचडी करायचा विचार आहे. बाबा म्हणतात अध्यात्म हा रिटायर झाल्यावरचा विषय, त्यात डिग्री कसली घेतेस! अध्यात्म हा स्वतंत्र अभ्यासविषय मानतात का, की तो धर्माचा नाहीतर तत्त्वज्ञानाचाच भाग?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर: अगं, हा वाद तुमच्या घरातला नाही, उपनिषदांपासूनचा आहे. छांदोग्यात नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातो तेव्हा आपला बायोडेटाच वाचून दाखवतो म्हण ना, चार वेद, इतिहासपुराण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, अगदी सर्पविद्यासुद्धा, आणि एवढं सांगून झाल्यावर म्हणतो की मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही. म्हणजे सगळे विषय झाले आणि हे बाहेरच राहिलं. उलट गीता 'अध्यात्मविद्या विद्यानाम्' म्हणून त्याला विद्यांच्या रांगेत बसवते, वर पहिला नंबरही देते.

आता व्यवहाराचं. यूजीसी नेट, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेच्या, विषयांच्या यादीत फिलॉसॉफी आहे, धर्मांचा तौलनिक अभ्यास आहे, बौद्ध-जैन-गांधी-शांतता असा एक जोडविषय आहे, योगही आहे, पण नुसतं अध्यात्म नाहीये. बाहेर मात्र चित्र थोडं वेगळं, रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात स्पिरिच्युअॅलिटीची वेगळी संस्था आहे, आणि अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत धर्म आणि अध्यात्म ह्यांच्या मानसशास्त्राचा एक विभागच आहे.

माझं मत विचारशील तर अभ्यासाला विषय म्हणून अध्यात्म पक्कं आहे, पण स्वतःची वेगळी पद्धत असलेलं शास्त्र म्हणून मला ते अजून पटत नाही. का ते सांगतो. श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला रात्री दोन वाजता कधी गेलीयेस? नाव सप्ताह, पण अखंड भजन २४ तासांचं, एक मेळ उठला की दुसरा बसतो आणि टाळ काही थांबत नाही. तिथे संगीतवाला जाईल तर राग-ताल टिपेल, समाजशास्त्रवाला कुठल्या समाजाचा पार, म्हणजे भजनी मिरवणूक, कधी येतो ते बघेल, मानसशास्त्रवाला जागरणाचं काय होतं ते विचारेल. मी गेलो होतो तेव्हा एक आजोबा बसले होते, टाळाची दोरी काचू नये म्हणून बोटाला रुमाल गुंडाळलेला, डोळे मिटलेले, चेहरा असा की हाक मारायची हिंमत होऊ नये, आणि पाळी संपल्यावर डोळे उघडून पहिलं काय विचारलं तर चहा आहे का! त्या मधल्या वेळात त्यांच्या आत काय चाललं होतं, हा प्रश्न आमचा, असं स्पिरिच्युअॅलिटीचे अभ्यासक म्हणतात. प्रश्न खरा आहे, नाकारत नाही मी, पण उत्तर शोधायला त्यांनाही हत्यारं उसनीच आणावी लागतात, मुलाखत मानसशास्त्राची, अभंगाचा अर्थ साहित्याचा, अनुभव खरा कशाला म्हणायचं ते तत्त्वज्ञानाचं.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत असलं शिकवता येतं का अशीही एक शंका लोक काढतात, कारण घटनेच्या कलम २८ मध्ये तिथे धार्मिक शिक्षणाला बंदी आहे. पण १९७१ मध्येच डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं म्हटलंय. अभ्यास वेगळा, दीक्षा वेगळी.

आणि दोन्ही केलेला माणूस आपल्याच गोव्यातला आहे की! धर्मानंद कोसंबी, १८७६ चे, सांखवाळचे. घरी बायको-मुलगी ठेवून बौद्ध धर्म शिकायला बाहेर पडले, श्रीलंकेत जाऊन पाली शिकले, भिक्खूचं चीवर अंगावर घेतलं, ब्रह्मदेशात ध्यान केलं, आणि नंतर हार्वर्डला बसून 'विसुद्धिमग्गा'ची पोथी पाठभेद लावत संपादित केली. ध्यान कसं करावं सांगणारा ग्रंथ, आणि हा ध्यान केलेला माणूस त्यातला शब्द न् शब्द ताडून बघतोय! ध्यान केलेलं कामी आलंच असणार, पण तिथे पानावर चाललं ते पालीचं व्याकरण. (घरच्यांनी काय सोसलं तो विषय वेगळा, आणि मला तो छोटा वाटत नाही.)

तर तू एमए फिलॉसॉफीतच कर आणि अध्यात्म प्रबंधाला ठेव. विषय शोधायला हृषीकेश-बिषीकेश कुठे जायची गरज नाही, १६१६ ला राशोलला छापलेलं फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं क्रिस्तपुराण घे, ख्रिस्ताची कथा आणि छंद आपला ओवीचा, भक्तीचे शब्द एका धर्मातून दुसऱ्यात जाताना काय होतात ह्यावर तुझी पाच वर्षं सहज जातील. आणि मोबाईलवर सहा महिन्यांत 'अध्यात्मात पीएचडी' वगैरे जाहिराती येतात ना, तिथे पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर त्या विद्यापीठाचं नाव आहे का तेवढं बघ, आणि बाबांनाही शेजारी बसवून दाखव.